तेराव्या वर्षी कपाट बदलताना

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मुलांच्या पुस्तकांचे कपाट खिडकीजवळ आहे आणि मोठ्यांच्या कथा-कादंबऱ्या पलीकडच्या खोलीत आहेत. मध्ये एक लाकडी दार आणि जेमतेम पंधरा पावलांचे अंतर. गेली सहा वर्षे मी दर रविवारी सकाळी दोन तास खिडकीजवळच्या टेबलाशी बसून मुलांना पुस्तके देण्या-घेण्याचे काम करतो, आणि या सहा वर्षांत मला सतत खुपत आलेली गोष्ट या पंधरा पावलांचीच आहे. पाचवी-सहावीतला मुलगा आठवड्याला दोन पुस्तके नेतो. सातवीत ती एकावर येतात. आठवीत तो यायचाच थांबतो, आणि पलीकडच्या खोलीतही दिसत नाही. मुली बहुतेक ते दार ओलांडतात. आईने किंवा मावशीने वाचलेली एखादी कादंबरी त्या बिनदिक्कत मागतात, आणि आपल्याला ती कशी वाटली हे मैत्रिणीला सांगतात. मुलगे त्या दाराच्या अलीकडेच कुठेतरी गळतात.

पालकांना विचारले की उत्तर तयार असते: मोबाइल, शिकवणी, क्रिकेट. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण एवढ्याने माझे समाधान होत नाही. ज्या मुलाला वाचनाचा कंटाळा आला असे आपण म्हणतो, तोच मुलगा खेळाडूंच्या धावांचे आणि बळींचे तक्ते तासन्‌तास वाचत असतो, एखाद्या व्हिडिओ गेमच्या कथानकातले बारकावे त्याला पाठ असतात, आणि मित्राने पाठवलेल्या लांबलचक भयकथा तो रात्री पांघरुणात वाचून संपवतो. वाचण्याची भूक जागच्या जागी आहे. आपण त्याच्यापुढे ठेवतो ती पुस्तके त्याच्या अंगाला आखूड झालेली आहेत, आणि नव्या मापाची पुस्तके कुठे ठेवली आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नाही, असे माझे मत आता पक्के होत चालले आहे.

इंग्रजीत या वयाच्या पुस्तकांना 'यंग अडल्ट' असे स्वतंत्र नाव आहे आणि दुकानात स्वतंत्र मांडणीही असते. मराठीत 'कुमारवाङ्मय' हा शब्द जुना आहे, परंतु व्यवहारात तो बालसाहित्याच्या पोटातच राहतो. संमेलने बालकुमारांची, पुरस्कार बालसाहित्याचे, आणि कपाटावरची पाटी 'बालविभाग'. तेरा वर्षांच्या मुलाने त्या पाटीखाली उभे राहून पुस्तक मागावे ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. ज्या वयात आवाज फुटू लागलेला असतो आणि ओठांवरची लव सगळ्यांच्या आधी स्वतःलाच दिसलेली असते, त्या वयात 'बाल' हा शब्द किती झोंबतो, हे प्रत्येक पुरुषाने एकदा आठवून पाहावे.

मी स्वतः पाचवीत असताना भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने मला पकडले. बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला येतो, सायकलवरून भरधाव फिरतो, नको तिथे नाक खुपसतो आणि जिभेने 'ट्टॉक्' असा आवाज काढून संकटाच्या तोंडात उडी घेतो. ही वीस पुस्तके महाराष्ट्रातल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी वाचली, दूरदर्शनवर त्यांची मालिका झाली, २०१७ साली चित्रपटही आला. हा मुलगा इतका का आवडतो, याचा विचार मी मोठेपणी पुन्हा पुन्हा केला आहे. रहस्य आणि धाडस ही कारणे वरवरची आहेत, कारण रहस्य आणि धाडस असलेली कितीतरी पुस्तके आज कोणाच्या स्मरणातही नाहीत.

पहिले कारण मला त्याच्या शरीरात दिसते. फेणे हडकुळा आहे. त्याच्या दंडात ताकद नाही, तो कोणाला गुद्द्याने लोळवू शकत नाही. त्याच्याजवळ वेग आहे आणि सावध डोके आहे. शाळेच्या मैदानावर संघ निवडताना शेवटपर्यंत उभा राहणारा मुलगा हे वाचतो, तेव्हा त्याला फार मोठा धीर मिळतो, आणि तो धीर आपल्याला हवा होता हे त्याला कोणापाशी कबूल करावे लागत नाही. दुसरे कारण असे की फेणे एकटा जातो. त्याचे आईवडील गावी आहेत, आणि कुठे निघालास, कधी येणार, सोबत कोण आहे, हे प्रश्न त्याच्या वाटेत येत नाहीत. ज्या मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही परवानगी लागते, त्याला पुस्तकातला हा मोकळा रस्ता श्वासासारखा हवा असतो. आणि भागवतांनी त्याला लुटुपुटीच्या जगात ठेवले नाही. १९६२ च्या चीनच्या आक्रमणासारखी खरी घटना त्यांनी त्याच्या गोष्टीत आणली, त्यामुळे वाचणाऱ्या मुलाला आपण मोठ्यांच्या जगाच्या उंबऱ्यावर उभे आहोत, असे वाटत राहिले.

पण फेणेचे वय वाढत नाही. वीस पुस्तकांत तो तसाच सडपातळ, तसाच चपळ, तसाच निर्धास्त. माझा आवाज फुटला, त्याचा फुटला नाही. मला वर्गातल्या एका मुलीकडे पाहताना घशाला कोरड पडू लागली, त्याला कधी पडली नाही. मला आजोबांच्या आजारपणात रात्री भीतीने झोप लागेना, आणि फेणेच्या भीतीला नेहमी एखाद्या चोराचा किंवा हेराचा चेहरा असे. तो पकडला की ती संपत असे. भागवतांचे हे न्यून आहे असे मी म्हणत नाही. त्यांनी दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी जे लिहायचे ते अत्यंत प्रामाणिकपणे लिहिले. पण त्यापुढचे पुस्तक मागायला मी तेराव्या वर्षी त्या वेळच्या आमच्या वाचनालयात गेलो, तेव्हा टेबलावरच्या गृहस्थांनी माझ्या हातातली कादंबरी काढून घेतली आणि 'हे तुझ्या वयाचं नाही, आतल्या कपाटातलं घे' असे चारचौघांत सांगितले. मी आतल्या कपाटाकडे गेलो नाही आणि पुढची दोन वर्षे त्या वाचनालयातही गेलो नाही. आज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, त्यामागे त्या दोन वर्षांची आठवण आहे.

माझ्या वडिलांच्या पिढीने हा पेच आपल्या पद्धतीने सोडवला होता. त्यांनी बाबूराव अर्नाळकर वाचले. हजारापेक्षा जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाच्या झुंजार, धनंजय आणि काळापहाड यांनी मराठी मुलांना वाचनाची सवय लावली, आणि ही सवय घरातल्या मोठ्यांच्या नजरेआड लागली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वडील सांगत की भूगोलाच्या नकाशांच्या पुस्तकात ठेवून त्यांनी ते वाचले, कारण पुस्तक लहान असे आणि नकाशांचे पुस्तक मोठे. चोरून वाचण्यात नुसती बंडखोरी नसते. या वयाच्या मुलाला आपण काय वाचतो आणि वाचताना आपल्या चेहऱ्यावर काय उमटते, हे कोणी पाहू नये असे मनापासून वाटते. मुलांच्या भावना दाखवण्याला आपल्याकडे अजूनही मान नाही. रडणाऱ्या मुलाला 'मुलीसारखा काय रडतोस' हे वाक्य पहिलीपासून ऐकावे लागते. तेव्हा त्याला असे पुस्तक लागते, ज्याच्या मुखपृष्ठावर पिस्तूल, जहाज किंवा यान आहे आणि ज्याच्या आत कुठेतरी त्याच्या एकटेपणाची विचारपूस केलेली आहे. मुखपृष्ठ जगासाठी आणि आतला मजकूर त्याच्यासाठी.

सुहास शिरवळकरांना ऐंशीच्या दशकात हजारो मुलांनी इतके जवळचे का मानले, याचे उत्तर मला इथेच सापडते. त्यांच्या रहस्यकथांतून आलेला मुलगा हळूच त्यांच्या 'दुनियादारी'पर्यंत पोहोचत असे, आणि तिथे कट्ट्यावरची मैत्री, मारामाऱ्या आणि शिव्या यांच्या आडोशाने त्याला प्रेमातला पराभव, आईवडिलांचे तुटलेले नाते आणि मित्राचा आधार या गोष्टी भेटत. समीक्षकांनी त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, ही मला आपल्या वाङ्मयव्यवहारातली मोठी चूक वाटते. ज्या लेखकामुळे सोळा वर्षांचा मुलगा रात्रभर मराठी वाचत बसला, त्याची दखल शैलीच्या फुटपट्टीने मोजून संपत नाही.

जयंत नारळीकरांची विज्ञानकथा हा मुलांसाठीचा दुसरा असाच मार्ग, आणि तो आजही सर्वांत भरवशाचा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून तयार केलेले ते नाव होते, आणि कथेला पहिले बक्षीस मिळाले. जगविख्यात शास्त्रज्ञाला आपले नाव बाजूला ठेवून कथा पारखून घ्यावीशी वाटली, ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो, कारण परीक्षेच्या निकालाला घाबरणाऱ्या मुलाला ती थेट भिडते. 'यक्षांची देणगी' या संग्रहात क्रिकेटचा सामना, आरशातल्यासारखी उलटी झालेली माणसे आणि उजव्या सोंडेचा गणपती एका धाग्यात ओवणारी जी कथा आहे, ती नेलेला मुलगा दुसऱ्या रविवारी त्या कथेतल्यासारखी कागदाची पट्टी एक पीळ देऊन चिकटवतो आणि तिच्यावरून पेन्सिल फिरवत माझ्यासमोर येऊन उभा राहतो, असे माझ्याबाबतीत तीनदा घडले आहे. अशा वेळी मी दुसरे काही बोलत नाही, फक्त पुढचे पुस्तक काढून देतो.

या विषयावर वाचत असताना अमेरिकेतल्या एका पुस्तकाची हकिगत माझ्या मनात घर करून राहिली. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातल्या सुझन एलोइझ हिंटन या शाळकरी मुलीने पंधराव्या वर्षी एक कादंबरी लिहायला घेतली, कारण तिच्या आसपासच्या मुलांचे खरे आयुष्य तिला कोणत्याच पुस्तकात सापडत नव्हते. गरीब वस्तीतली मुले, श्रीमंत मुलांशी त्यांचे वैर, आईवडिलांविना एकमेकांना सांभाळणारे तीन भाऊ. 'द आउटसायडर्स' हे पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती. प्रकाशकांनी मुखपृष्ठावर पूर्ण नाव न देता 'एस. ई. हिंटन' असे छापायचे ठरवले; मुलांविषयीची ही कादंबरी मुलीने लिहिली आहे हे कळल्यावर पुरुष समीक्षक ती बाजूला ठेवतील, अशी भीती त्यामागे होती. त्या कादंबरीतली मुले चाकू बाळगतात, आणि तीच मुले सूर्यास्ताविषयी बोलतात, एकमेकांसाठी रडतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी ती डोक्यावर घेतली. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी विद्यार्थ्यांच्या सह्यांसह फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र लिहून या पुस्तकावर चित्रपट काढण्याची विनंती केली, आणि १९८३ साली तो खरोखरच आला. मला त्या पत्रावरच्या सह्यांचा फार हेवा वाटतो. पुस्तकासाठी सही करणारी आठवीतली मुले आपल्याकडेही असतील, पण त्यांच्यापर्यंत त्यांचे पुस्तक पोहोचले पाहिजे.

मराठीत असे पुस्तक नाही, असे मी बरीच वर्षे मानत होतो. ते चूक होते. ते पुस्तक पलीकडच्या खोलीत, मोठ्यांच्या मांडणीत होते.

प्रकाश नारायण संत हे कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव. आजोळी दत्तक गेल्यामुळे त्यांचे कागदोपत्री नाव भालचंद्र दीक्षित असे झाले होते. कराडच्या महाविद्यालयात ते भूशास्त्र शिकवत. तरुणपणी लंपन नावाच्या मुलाची गोष्ट त्यांनी लिहिली, मग दीर्घ काळ त्यांचे लेखन थांबले, आणि १९९४ साली 'वनवास' हा संग्रह मौज प्रकाशनाकडून आला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' हे तीन संग्रह. २००३ साली संत गेले आणि लंपन तिथेच थांबला. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांपाशी, कर्नाटकच्या सीमेवरच्या गावात वाढणारा हा मुलगा कानडी वळणाची मराठी बोलतो. कोणतीही गोष्ट किती वेळा घडली हे तो भलत्याच आकड्यांत सांगतो. त्याला सुमी आवडते आणि आपल्याला नक्की काय होते आहे हे त्याला कळत नाही. त्याला आईची आठवण येते आणि ती येते हे तो बोलून दाखवत नाही. शेवटच्या संग्रहात त्याचे वडील जातात.

या चार पुस्तकांचे मराठीत भरपूर कौतुक झाले, अलीकडे त्यांच्यावर मालिकाही आली. परंतु कौतुक करणारे आम्ही सगळे चाळिशी-पन्नाशीचे. आम्ही लंपनमध्ये आपले हरवलेले बालपण शोधतो आणि हळवे होतो. तेरा वर्षांच्या मुलाला त्यात हरवलेले काहीच दिसत नाही, कारण त्याचे ते अजून चालू आहे. तो लंपन वाचतो तो स्वतःच्या शेजारी बसलेल्या मुलाची गोष्ट म्हणून. दोन्ही वाचनांत इतका फरक आहे की पुस्तक कोणत्या खोलीत ठेवायचे हा प्रश्न मला केवळ व्यवस्थेचा वाटत नाही. संतांनी मुलांसाठी म्हणून हे लिहिले नसेल. तरीही मुलांपासून ते पंधरा पावले दूर ठेवण्याचे कारण मला सापडत नाही.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लंपनमध्ये पाठलाग नाही, पिस्तूल नाही, यान नाही. ते मुखपृष्ठ मुलाला आडोसा देत नाही. शिवाय इंग्रजी माध्यमातल्या मुलाला त्यातली बोली पहिल्या दहा पानांत अडवते. म्हणून मी हे पुस्तक कधीच पहिले देत नाही. आधी फेणे, मग नारळीकर, मग एखादी रहस्यकथा, आणि मुलाला माझ्याकडून घेतलेले पुस्तक फसत नाही असा विश्वास बसला की मग लंपन, तोही सुरुवातीची एक कथा मी स्वतः वाचून दाखवल्यावर. बोली कानावर पडली की डोळ्यांना सोपी होते. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, तेही मी या वयाच्या मुलांना दाखवतो. १९७१ पासूनच्या त्या अंकांत मराठीतल्या मोठ्या मोठ्या लेखकांनी मुलांसाठी किती मन लावून लिहिले हे पाहून मुलांपेक्षा पालकच चकित होतात.

गेल्या वर्षी जूनमध्ये नववीतला एक मुलगा आजीबरोबर आला. वर्षभरापूर्वी त्याचे वडील गेले होते, हे आजींनी मला बाजूला घेऊन सांगितले. घरात तो कोणाशी बोलत नाही, पुस्तके पूर्वी फार वाचायचा, आता हात लावत नाही. मुलगा खिडकीजवळ पाठमोरा उभा होता आणि आपल्याविषयी बोलणे चालले आहे हे त्याला कळत होते. मी त्याला विज्ञानकथांचा एक संग्रह दिला. त्याने तो पुढच्या रविवारी परत केला आणि दुसरा नेला. असे दोन महिने चालले. श्रावणात मी त्याला 'वनवास' दिले, नेहमीप्रमाणे एक कथा वाचून दाखवली, आणि त्याने पुस्तक बंद करून 'बाकीचं मी घरी वाचतो' एवढेच सांगितले. मग 'शारदा संगीत', मग 'पंखा'.

चौथे पुस्तक द्यावे की नाही याचा मी आठ दिवस विचार केला. 'झुंबर'मध्ये काय आहे हे मला माहीत होते. शेवटी मी ते टेबलावर ठेवले आणि त्याला सांगितले की यात लंपनच्या वडिलांचे जे होते ते वाचताना जड जाईल, नको वाटले तर मधूनच परत आण. त्याने मुखपृष्ठाकडे पाहिले, पुस्तक दप्तरात घातले आणि काही न बोलता गेला. दुसऱ्या रविवारी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. पाचव्या रविवारी वाचनालय बंद व्हायच्या वेळी आला. पुस्तकाला त्याने घरून वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते, ते टेबलाशी उभे राहून काढले, घडी करून खिशात ठेवले आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवले. कसे वाटले हे मी विचारले नाही.

"काका, यांचं अजून आहे का?"

"नाही रे. चारच आहेत."

त्याने मान हलवली. दाराकडे वळला, थांबला, पलीकडच्या खोलीत गेला आणि थोड्या वेळाने 'वनवास' पुन्हा घेऊन आला. मी नोंदवहीत त्याच्या नावापुढे तारीख लिहिली.